वैद्यकशास्त्राचा दुभाष्या

आपले पूर्वज मुंबई बंदरात जहाजावर चढले आणि पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, त्या काळी त्यांच्या व सरकारी कागदाच्या मध्ये एक मनुष्य उभा असे. कागद परक्या भाषेतला आणि अंगठा आपल्या माणसाचा. या दोहोंची गाठ घालून देणारा तो दुभाष्या. इमिग्रेशन खात्यात असे दुभाषे नेमलेले असत. मजुरी किती, मुदत किती, शिधा काय मिळावयाचा, हे सारे त्याच्या तोंडून कळावयाचे. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई, हा त्या काळचा कुप्रसिद्ध नियम होता. दुभाष्याने नेमके तेवढे वाक्य गिळले, तर ते वाक्य ऐकणाऱ्याला पुढे मुदतभर उसाच्या मळ्यावर भोगावे लागे. दुभाष्या लबाडच असला पाहिजे असे नव्हे. घाईत असला, स्वतःला नीट समजलेले नसले, किंवा समोरच्या अडाण्याला एवढे सांगून काय करावयाचे असे त्याला वाटले, तरी परिणाम तोच होई.

वाचक म्हणतील, वैद्यकशास्त्राच्या लेखात हा कुली घाटाचा इतिहास कशाला? कारण असे की, तशीच एक मध्यस्थाची जागा आजच्या वैद्यकीय संशोधनात निर्माण झाली आहे आणि त्या जागेवर बसणाऱ्या माणसाच्या हाती आपले आयुष्य आपल्याला वाटते त्याहून अधिक असते. प्रयोगशाळेत शोध लागतो. तो संशोधकांच्या नियतकालिकात, संशोधकांच्या भाषेत छापला जातो. तेथून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत तो आपण होऊन चालत येत नाही. त्याला कोणीतरी आणावे लागते. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांतील विद्यापीठांत, रुग्णालयांत आणि संशोधनसंस्थांत यासाठी पगारी माणसे असतात. वर्तमानपत्रांसाठी पत्रके लिहिणे, रुग्णांच्या हाती द्यावयाच्या पुस्तिका तयार करणे, मंत्र्यांसाठी दोन पानी टिपण करणे, संशोधकाला नभोवाणीवर बोलावयास शिकवणे, अशी त्यांची कामे. कोणी वैद्यकाचे पदवीधर असतात, कोणी रसायनाचे, कोणी वृत्तपत्रांतून आलेले. त्यांना मराठीत विज्ञानसंवादक म्हणता येईल. मला मात्र दुभाष्या हाच शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात जबाबदारीचा उल्लेख आपोआप येतो.

हा व्यवसाय नावाने नवा असला तरी त्याची गरज किती जुनी आहे हे पाहावयास मॉरिशसबाहेर जाण्याचे कारण नाही. १८६६ साली या बेटावर तापाची साथ सुरू झाली आणि १८६८ पर्यंत ती धुमसत राहिली. त्यांतील १८६७ हे वर्ष सर्वांत भयंकर. त्या एका वर्षात बेटाच्या लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा मृत्युमुखी पडला. पोर्ट लुईमधील ऐपतदार कुटुंबे उंचावरच्या थंड प्रदेशात राहावयास गेली. क्युरपीपसारख्या गावांची भरभराट व्हावयास ही साथच कारणीभूत झाली. मळ्यांवरच्या माणसांना असे कोठे जाता येणार? त्या वेळी कोणी म्हणे हवा बिघडली, कोणी म्हणे दलदलीतून विषारी वाफा येतात, आणि पुष्कळांच्या मते हा रोग हिंदुस्थानी मजुरांनी आणलेला. रोगजंतू जहाजांतून माणसांच्या रक्तात आले असण्याचा संभव आहे, नाही असे नाही; परंतु तो एका रक्तातून दुसऱ्या रक्तात कोण नेतो हे त्या वेळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. ज्ञान नसले की तेथे दोषारोप येऊन बसतो आणि तो बहुधा सर्वांत दुबळ्या माणसाच्या दारात बसतो. (योगायोग असा की, याच १८६७ साली तिकडे महाराष्ट्रात 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक निघाले. मराठी भाषेतून ज्ञान पसरविण्याची हौस तिकडे सुरू झाली होती. त्याचा अंक आमच्या मळ्यांवर कोणी वाचला असेल असे वाटत नाही.)

पुढे १८८० मध्ये लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरला अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा जंतू दिसला आणि १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. यासाठी त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच रॉस १९०७ च्या नोव्हेंबरात मॉरिशसला आले आणि पुढल्या फेब्रुवारीपर्यंत येथे राहिले. त्यांच्या पाहणीची पद्धत पाहण्यासारखी आहे. मळ्यांवरून आणि शाळांतून हजारो मुलांची पोटे चाचपून, कोणाची पाणथरी वाढली आहे हे मोजण्यात आले. ज्या गावात पाणथरी वाढलेली मुले अधिक, त्या गावात हिवताप अधिक. सूक्ष्मदर्शकाशिवाय, हाताच्या बोटांनी होणारे हे मोजमाप कोणत्याही आईला समजावे असे होते, कारण पोट फुगलेले आणि हातपाय काड्यांसारखे झालेले मूल तिने घरात पाहिलेलेच असे.

परंतु रॉस यांनी १९०८ मध्ये छापलेल्या अहवालात आणखी एक गोष्ट होती आणि ती समजावून सांगणे फार कठीण होते. हिवताप नष्ट करण्यासाठी बेटावरचा प्रत्येक डास मारण्याची आवश्यकता नाही, असे त्यांनी गणिताने मांडले. दिवाळीत आपण एका पणतीवर दुसरी लावतो, दुसरीवर तिसरी. प्रत्येक पणती आपले तेल संपण्यापूर्वी सरासरी एकीहून अधिक पणत्या पेटवील, तर अंगण उजळत जाईल. एकीहूनही कमी पेटवील, तर शेवटी अंधार होईल, मग पहिल्या रात्री कितीही पणत्या असोत. हिवतापाचा रुग्ण ही ती पणती. डासांची संख्या एका ठराविक मर्यादेखाली आणली की एका रुग्णापासून सरासरी एकालाही नवा ताप लागत नाही आणि रोग हळूहळू विझतो. आज साऱ्या जगात साथीच्या रोगांचे गणित याच विचारावर उभे आहे, आणि त्याच्या आरंभीच्या मांडणींपैकी एक आमच्या बेटावरच्या अहवालात आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

आता हे सामान्य माणसाला कोणी व कसे सांगावयाचे? दलदली बुजविल्या, नाले साफ केले आणि तरीही रात्री कानाशी डास गुणगुणलाच, तर तो म्हणणार, 'सारा खर्च पाण्यात गेला.' मळेवाला म्हणणार, 'मी पैसे कशासाठी देऊ?' दोघेही आपल्या परीने बरोबर. 'डास संपतील' असे कोणी वचन दिले असेल, तर ते वचन मोडल्यासारखेच झाले. 'डास कमी होतील आणि त्यामुळे ताप विझेल' असे सांगितले असेल, तर मात्र गुणगुणणारा डास हा पुरावा ठरत नाही. दोन वाक्यांत अंतर चार शब्दांचे. परंतु पहिल्या वाक्याने पुढल्या वर्षीचे पैसे बंद होतात.

रॉस यांच्या हयातीत हिवताप या बेटावरून गेला नाही. १९४९ पासून घरोघर डी. डी. टी. फवारण्याची मोहीम झाली, आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले. दोनच वर्षांनी, १९७५ च्या फेब्रुवारीत, जर्व्हेज नावाचे चक्रीवादळ आले. त्यानंतर बाहेरून आलेल्या माणसांच्या रक्तातून रोग परत शिरला आणि १९८२ साली पुन्हा कळसाला पोहोचला. तो दुसऱ्यांदा हटवावयास एकोणिसशे नव्वदचे दशक उजाडले. या दुसऱ्या लढाईत हिवतापाच्या देशांतून परतणाऱ्या प्रवाशाच्या घरी आरोग्यसेवक जाई आणि बोटातून रक्ताचा एक थेंब घेई. तीर्थयात्रेहून धडधाकट परतलेल्या माणसाला 'मला काही झालेले नाही, मग रक्त कशाला?' असे वाटावे हे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पणतीच्या हिशेबात आहे. परंतु ते उत्तर त्याच्या दारात, त्याच्या भाषेत, त्या दोन मिनिटांत द्यावे लागे, आणि ते देणारा तो आरोग्यसेवकच त्या क्षणी शास्त्राचा दुभाष्या होता.

रॉस मॉरिशसला निघाले त्याच वर्षी ते एका वेगळ्या भांडणातही गुंतले होते, आणि त्याचा संबंध आपल्या मूळ देशाशी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओदेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुषीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. शब्दांपेक्षा ही कृती बोलकी होती, यात शंका नाही. उलट त्याच वर्षी पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली जे चालले ते सर्वश्रुत आहे. गोऱ्या सैनिकांनी घरे झडली, देवघरापर्यंत शिरले, माणसे उचलून नेली. आणि जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. रोग्याला निरोग्यांपासून वेगळे ठेवावे हा विचार मुळात अशास्त्रीय नव्हता. पण तो लोकांना कोणी समजावलाच नाही. तो त्यांच्यावर लादला गेला, आणि त्यामुळे पुढे रुग्णालयात नेणे म्हणजे मरावयास नेणे असे लोक समजू लागले. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय उघडले ते उगाच नव्हे.

हाफकिन यांच्यावर मात्र १९०२ साली वीज कोसळली. ३० ऑक्टोबर रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्या दिवशीच्या इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे पुराव्यात आले. तरीही चौकशीचा ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. रॉस यांनी १९०७ मध्ये हे प्रकरण हाती घेतले. स्वतः लिहिले आणि अन्य नामवंत शास्त्रज्ञांसह लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र प्रसिद्ध केले. त्या वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त झाले. मुंबईच्या त्या संस्थेला १९२५ पासून हाफकिन यांचेच नाव आहे. पण मधल्या पाच वर्षांत 'ही सुई मारते' ही वार्ता खेडोपाडी फिरली त्याचे काय? दोषमुक्तीची वार्ता इंग्रजीत, लंडनच्या वर्तमानपत्रात. मृत्यूची वार्ता पंजाबीत, विहिरीवर. कोणती पुढे धावली असेल, हे सांगावयास नको.

येथे कोणी असा निष्कर्ष काढील की, मग लोकांना चांगले तेवढेच सांगावे आणि वाईट दाबून टाकावे. मला हे मत घातक वाटते. मुलकोवालचे १९ मृत्यू खरे होते. ते लपविणाऱ्याचे पुढचे खरे बोलणेही कोणी ऐकले नसते. ते सांगून, त्याच दमात बाटलीची गोष्ट सांगणे, म्हणजे दोष लसीचा की हाताळणीचा हे ज्याचे त्याला ठरविता येईल, एवढे दुभाष्याच्या हातात असते.

आजच्या काळात हे काम अधिक अवघड झाले आहे, कारण वार्तांचा तुटवडा राहिलेला नाही. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये काय झाले ते पाहा. संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तेथील औषधसुरक्षा समितीने डॉक्टरांना धाडला, आणि 'दुप्पट' हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत झळकला. शब्द खोटा नव्हता. सात हजार स्त्रियांत जेथे एकीला गुठळी होत असे, तेथे दोघींना होईल, एवढाच त्याचा अर्थ. परंतु सात हजारांचा आकडा मागे राहिला आणि दुप्पट पुढे गेला. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. नको असलेली गर्भधारणा वाढली, आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात अधिक झाले असा अंदाज करण्यात आला. गर्भारपणात गुठळीचा धोका गोळीहूनही अधिक असतो, ही त्यातली सर्वांत कडू गोष्ट. येथे कोणी असत्य बोलले नाही. केवळ अर्धे वाक्य सांगितले गेले. म्हणून या व्यवसायात शिरणाऱ्याला पहिला प्रश्न शिकवितात तो हा: दुप्पट, पण कशाच्या?

दुसरा प्रश्न, कोणावर? औषधाने उंदीर बरा झाला याचा अर्थ माणूस बरा होईल असा नाही. तिसरा प्रश्न, दोन गोष्टी बरोबर घडल्या की एकीने दुसरी घडविली? कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, हे आपल्याकडे पोरालाही माहीत आहे. परंतु 'अमुक फळ खाणाऱ्यांना हृदयविकार कमी' असे छापून आले की शहाणीसुरती माणसे बाजारात धावतात. ते फळ खाणारी माणसे मुळात सधन असतील, चालत असतील, धूम्रपान करीत नसतील, हे विचारावयाचे राहून जाते.

अतिशयोक्तीचा दोष आपण नेहमी वार्ताहराच्या माथी मारतो. वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनी याचा शोध घेतला आणि त्यांचे अनुमान २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. ब्रिटनच्या २० विद्यापीठांनी काढलेली ४६२ पत्रके त्यांनी मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली. लोकांनी काय करावे याविषयीचा सल्ला सुमारे ४० टक्के पत्रकांत मूळ निबंधापेक्षा फुगवलेला होता. माणसांविषयीचे अनुमान प्राण्यांवरील प्रयोगांतून ताणून काढण्याचा दोष ३६ टक्के पत्रकांत आढळला. पत्रक फुगवलेले असले तर त्यावरून लिहिलेल्या ५८ टक्के बातम्यांत सल्ला फुगवलेला, आणि पत्रक प्रामाणिक असले तर केवळ १७ टक्के बातम्यांत. म्हणजे पाणी उगमाशीच गढूळ होते, आणि ते गढूळ करणारा हात संशोधनसंस्थेतल्याच माणसाचा. मला या पाहणीतला सर्वांत उपयुक्त भाग वेगळाच वाटतो: पत्रक फुगविल्याने त्याला अधिक प्रसिद्धी मिळते असे काही दिसून आले नाही. तेव्हा निदान लोभापायीही खोटे बोलण्याचे कारण उरत नाही.

हे झाले परदेशाचे. आपल्या घरचा रोग कोणता, असे विचारले तर आज हिवताप कोणी सांगणार नाही, मधुमेह सांगेल. ज्यांच्या आजा-पणज्यांनी सारे आयुष्य उसात घालवून जगाला साखर पुरविली, त्यांच्या नातवंडांनी आपल्या रोगालाही 'साखर' हेच नाव द्यावे, यात दैवाची थोडी चेष्टा आहे. १९८७ मध्ये मॉरिशस सरकारने ऑस्ट्रेलियाचे पॉल झिमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर २५ ते ७४ वर्षे वयाच्या सुमारे पाच हजार स्त्रीपुरुषांची पाहणी केली. वैद्यकांत तेव्हा असा समज रूढ होता की, भारतीय वंशाच्या रक्तातच मधुमेहाची ओढ आहे. पाहणीत आढळले ते असे: हिंदू आणि मुसलमान तर होतेच, परंतु क्रियोल आणि चिनी समाजांतही रोगाचे प्रमाण शेकडा दहाच्या वरच होते. चार समाज तीन खंडांतून आलेले, रक्त निरनिराळे. पण बेट एक, बदललेली राहणी एक, कमी झालेले चालणे एक.

या एका अनुमानाचे भाषांतर दोन प्रकारे करता येते, आणि माझ्या मते या लेखातील सर्व उदाहरणांत आपल्या दृष्टीने याचेच मोल सर्वांत अधिक आहे. 'भारतीयांत मधुमेह फार' असे सांगितले, तर आमचा मनुष्य म्हणतो, 'आमच्या घराण्यातच आहे, बापाला होता, आजीला होता, मला होणारच'. आणि ताटातला भात जसाच्या तसा ठेवून तो दैवाची वाट पाहत बसतो. 'येथे राहणाऱ्या सर्वच समाजांत मधुमेह फार' असे सांगितले, तर तोच मनुष्य विचारतो, 'मग येथे असे काय आहे?' आनुवंशिकतेचा वाटा नाही असे कोणी म्हणत नाही. पण एकच आकडा एका तऱ्हेने सांगितला की माणूस हात टेकतो, आणि दुसऱ्या तऱ्हेने सांगितला की तो प्रश्न विचारू लागतो.

त्याच काळातली दुसरी गोष्ट दुभाष्याचा गर्व उतरविणारी आहे. आपल्या रेशनच्या दुकानातले तेल तोपर्यंत बहुतांशी पाम तेल होते. १९८७ मध्ये सरकारने नियम करून त्याच्या जागी सोयाबीनचे तेल आणले. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, पुन्हा पाहणी झाली तेव्हा लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी लिटरमागे ५.५ मिलिमोलवरून ४.७ वर उतरलेली आढळली, आणि या घटीचा बराचसा वाटा तेलाचा असावा असे संशोधकांचे अनुमान होते. गृहिणीला कोणी व्याख्यान दिले नव्हते. तिने तीच किटली नेली, तेच फरसाण तळले. उलट मधुमेहाविषयी या बेटावर भाषणे, भित्तिपत्रके, नभोवाणी, शाळा, देऊळ, सर्व मार्गांनी सांगून झाले. तरीही तो त्या पाच वर्षांत उतरला नाही, वाढला. आणि २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीतही प्रौढांपैकी सुमारे पाचांत एकाला तो होता. मग शब्दांचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो कोणाच्या कानात घालावा हे ठरवावे लागते. तेलाचा नियम होण्यापूर्वी कोणीतरी मंत्र्याला आणि अधिकाऱ्याला संतृप्त मेदाचा अर्थ साध्या भाषेत सांगितला असलाच पाहिजे. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला समजावणे, हेही या व्यवसायाचे काम आहे. गरिबाला 'भाजी अधिक खा' असे सांगत बसण्यापेक्षा भाजीचा भाव ठरविणाऱ्याशी बोलणे कित्येकदा अधिक फलदायी होते.

आणि गरिबाशी बोलावयाचेच, तर त्याच्या हाताला काहीतरी काम सापडेल असे बोलावे. 'मधुमेही रुग्णांनी नियमित पादपरीक्षण करावे' हे वाक्य शुद्ध आहे आणि निरुपयोगी आहे. 'रोज रात्री पाय धुऊन पुसा, आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहा, लाल डाग किंवा चीर दिसली तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण या रोगात दुखणेच आधी नाहीसे होते,' हे वाक्य लांब आहे, परंतु त्याने पाय वाचतो. गणेशचतुर्थीच्या दिवशी मोदकावर व्याख्यान देणारा मला मात्र आजवर कोणाला पटवू शकलेला दिसला नाही. वर्षातून एक दिवस येणाऱ्या गणपतीला वगळून रोजच्या गोड चहाशी भांडण केले, तर ऐकणारे भेटतील.

आपल्या बेटावर या कामाची एक खास अडचण आहे. संशोधन इंग्रजीत होते, वर्तमानपत्र बहुधा फ्रेंचमध्ये वाचले जाते, माणूस दुखणे क्रियोलमध्ये सांगतो, आणि घरातली वृद्ध स्त्री अजूनही काही शब्द भोजपुरीत, काही मराठीत बोलते. एकाच घरात तिच्या पथ्याची चिठ्ठी तीन भाषांतून प्रवास करते. क्रियोल २०१२ पासून शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाऊ लागली. त्यामुळे आरोग्याच्या पत्रकांनाही ती भाषा लिहिण्याची एक ठरलेली रीत हाताशी आली. मराठीची गोष्ट वेगळी. ती येथे रोजच्या व्यवहारातून मागे सरली असली तरी देवळात, भजनात आणि सणांत तिचे वजन आहे. परिभाषेसाठीही आपल्याला रानोमाळ हिंडावयास नको: पुण्याचे 'सृष्टिज्ञान' हे विज्ञानाचे मासिक १९२८ साली निघाले, मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली, आणि त्यांच्या परिश्रमाने पुष्कळ शब्द तयार होऊन बसले आहेत. त्यांतले सगळेच येथे चालतील असे नव्हे.

एक उदाहरण देतो. रक्ततपासणीचा निकाल इंग्रजीत पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असा येतो, आणि कोशात त्याला सकारात्मक व नकारात्मक असे शब्द आहेत. शाळेत शिकलेल्या माणसाला सकारात्मक म्हणजे चांगले आणि नकारात्मक म्हणजे वाईट. वैद्यकात बहुधा नेमके उलटे. यात्रेहून परतलेल्या आजीला आरोग्यसेवकाने 'तुमची तपासणी नकारात्मक आली' असे सांगितले, तर ती पदर डोळ्यांना लावील. त्याऐवजी 'आजी, तुमच्या रक्तात हिवतापाचे जंतू सापडले नाहीत' असे म्हणावे, आणि पुढे हेही म्हणावे की, 'तरी महिनाभरात थंडी वाजून ताप आला, तर मला लगेच कळवा.'